दिसतंय की, पण किती लांब?



परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी लागते. नृसिंहाच्या मंदिरामुळे गाव प्रसिद्ध. रेल्वे स्थानकाच्या नावातही नृसिंह आहे. या भागात कोणाला विचारा, "शेत किती लांब?" तो हात करून म्हणेल, "ते काय, दिसतंय की!" दिसते खरे. पण मध्ये रूळ असतील तर फाटकापर्यंत वळसा, ओढा असेल तर पुलापर्यंत वळसा. आणि पावसाळ्यात काळी माती पायाला धरू लागली की तीच वाट दुप्पट होते.

म्हणजे अंतरे दोन. कायद्यालाही दोन्ही ठाऊक आहेत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे कलम ११ सांगते की, केंद्रीय कायद्यात वेगळा हेतू दिसत नसेल तर अंतर सपाट पातळीवर, सरळ रेषेत मोजावे. कावळ्याला हे पटेल. उलट शिक्षण हक्काच्या २०१० च्या केंद्रीय नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटर चालण्याच्या अंतरात हवी असे म्हटले, आणि जिथे पुराचा धोका आहे किंवा रस्ताच नाही तिथे ही मर्यादा आणखी कमी करण्यास सांगितले. तो नियम लिहिताना कोणाच्या तरी डोळ्यांपुढे दप्तर घेतलेले मूल असावे.

ओढ्याने घातलेला वळसा हा कोणाचा दोष नाही. पण शेजाऱ्याने बांध नांगरल्यामुळे पडलेला वळसा? चालणाऱ्याचे पाय दोन्हींत सारखेच दुखतात; नीतीच्या दृष्टीने मात्र हे दोन वळसे अगदी वेगळे आहेत. दुसऱ्यात कोणीतरी एका माणसाला दूर नेऊन ठेवले आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून वाट मागता येते. तहसीलदार चौकशी करून निर्णय देतात. इथे कायदाही पिकातून सरळ रेषा मारत नाही, बांधाबांधाने नेतो. आम्हाला यात शहाणपण दिसते. चालणाऱ्याने थोडे वळावे, मालकाने थोडे सरकावे.

"फादर, दोन एकरांतली एक सरी गेली तर आम्ही काय खायचे?" असे कोणी विचारील. प्रश्न खोटा नाही, आणि ज्याच्याकडे वीस एकर आहेत त्याने तो विचारू नये. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खाजगी मालकी योग्यच मानली. पण वस्तूंच्या वापरात गरजवंताला वाटा देण्याची तयारी हवी, असेही शिकवले. सरीचे नुकसान मोजता येते. अडलेल्या बाईला बाजेवर घालून चिखलातून रस्त्यापर्यंत आणायला किती वेळ लागतो, तोही मोजता येतो. सहसा कोणी मोजत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीचा दाखला आपल्याला पाठ आहे. याजक आणि लेवी जखमी माणसापासून कोसभर लांब नव्हते. एकाच रस्त्यावर होते, फक्त दुसऱ्या बाजूने गेले. ते अंतर त्यांनी स्वतः तयार केले.

असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदाही आहे. अर्ज जरूर करावा. पण तारखा पडत असतात तेव्हा सोयाबीन शेतातच उभे असते, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंची माणसे रविवारी एकाच बाकावर बसतात.