घेणारे हात

माणूस मोठा केव्हा होतो, या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आपल्या समाजाने तयार ठेवले आहे. जो स्वतःच्या पायांवर उभा राहतो, कुणापुढे हात पसरत नाही आणि चार जणांना देण्याइतके मिळवतो, तो मोठा झाला. मुलगा नोकरीला लागला, मुलीने पहिला पगार आईच्या हाती ठेवला, की आपण समाधानाने म्हणतो, 'पोरं मोठी झाली.' या उत्तरात असत्य काही नाही. तरीही ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा एका जपानी चित्रपटात फार सुंदर रीतीने प्रकट झाला आहे.

'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' हे त्या चित्रपटाचे इंग्रजीतील नाव. हायाओ मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा स्टुडिओ घिबलीचा ॲनिमे, म्हणजे जपानी पद्धतीचा चित्रमय चलच्चित्रपट, २९ जुलै १९८९ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याला आधार आहे एइको कादोनो या लेखिकेच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा. कथा एका लहानशा चेटकिणीची. तेरा वर्षे पूर्ण झाली की चेटकिणीच्या मुलीने घर सोडायचे आणि जिथे दुसरी चेटकीण नाही अशा गावी जाऊन एक वर्ष स्वतःच्या कौशल्यावर जगून दाखवायचे, अशी रीत आहे. पौर्णिमेच्या रात्री किकी निघते. सोबत जिजी नावाचे काळे मांजर, वडिलांचा लाल रेडिओ आणि आईने आग्रहाने दिलेली आईची जुनी झाडणी. ती समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात उतरते. हे शहर काल्पनिक आहे. परंतु त्याच्या रस्त्यांवर आणि छपरांवर स्वीडनमधील स्टॉकहोम व विस्बी या शहरांची छाया आहे.

चेटकिणीचा चित्रपट मुलांना दाखवावा का, अशी शंका काही पालकांच्या मनात येते. शंका रास्त आहे. परंतु या चित्रपटात जारणमारण नाही, अघोरी उपासना नाही. किकीची आई औषधे तयार करून गावातल्या म्हातार्‍याकोतार्‍यांना देते. किकीला तेवढेही येत नाही. तिला फक्त उडता येते. सुताराच्या घरी रंधा यावा, कोळ्याच्या घरी जाळे यावे, तसे तिच्या घरी उडणे आले आहे. ते तिने कमावलेले नाही, तिला मिळालेले आहे. या मिळालेल्या गोष्टीचे पुढे काय होते, हीच खरी कथा आहे.

किकीला ओसोनो ही पावभट्टीची गरोदर मालकीण आश्रय देते. माळ्यावरची खोली मिळते, आणि किकी सामान पोचवण्याचा व्यवसाय सुरू करते. चित्रपटाच्या मूळ जपानी नावातील 'ताक्क्यूबिन' हा शब्दही व्यापारातलाच आहे. यामातो या वाहतूक कंपनीने १९७६ साली सुरू केलेल्या घरपोच सेवेचे ते नाव, आणि ही कंपनी चित्रपटाच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होती. म्हणजे जी गोष्ट किकीला फुकट लाभली, तिचा ती दर ठरवते. यात वाईट काही नाही. पोट सर्वांनाच आहे. परंतु दर आला की मोजमाप आले, आणि मोजमाप आले की आपण केलेल्याचे चीज झाले की नाही, याची चिंताही आली.

चित्रपटाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. एका श्रीमंत वृद्ध बाईंना नातीच्या वाढदिवसासाठी हेरिंग मासळी आणि भोपळा घातलेली पाई पाठवायची असते. पाई म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ. किकी पोचते तेव्हा नवी भट्टी बिघडलेली असते, पाई झालेलीच नसते. त्या बाई म्हणतात, तुझा वेळ गेला, ठरलेले पैसे घेऊन जा. किकी नकार देते. काम न करता पैसे घेणे तिला जमत नाही. ती लाकडाची जुनी भट्टी पेटवते, घाम गाळते, पाई तयार होते. बाहेर पाऊस कोसळत असतो. टोपली कोरडी राहावी म्हणून धडपडत, स्वतः नखशिखांत भिजून ती त्या घराच्या दारात उभी राहते. दार उघडते ती सजलेली नात. ती टोपली घेते, सही करते आणि आजीच्या या पाईचा आपल्याला किती कंटाळा आहे, हे बोलून दार लावून घेते.

मराठीत आपल्याकडे 'पोच' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. पार्सलाची पोच त्या मुलीने दिली. आजीची माया मात्र पोचलीच नाही. टोपली ताब्यात घेणे वेगळे आणि दान स्वीकारणे वेगळे, हे इथे एका बंद दाराने सांगितले आहे. दिग्दर्शकाने त्या नातीला खलनायिका केलेले नाही, तिला शिक्षाही दिलेली नाही. घरात भरपूर असले की असे होते. आपल्याही घरांत होते.

त्यानंतर किकी तापाने आजारी पडते. बरी झाल्यावर ती तोम्बो या मित्राच्या सोबत्यांमध्ये त्या नातीला पाहते आणि रुसून निघून जाते. त्याच दिवशी तिला कळते की आपल्याला मांजराची भाषा समजेनाशी झाली आहे, आणि झाडणी जमिनीवरून उठत नाही. धडपडताना आईची झाडणी मोडते. जी एकच गोष्ट येत होती, तीही गेली.

असे का झाले, याचे कारण चित्रपट सांगत नाही. कुणी म्हणेल अतिश्रमाने, कुणी म्हणेल अपमानाने किंवा मत्सराने. माझे उत्तर थोडे निराळे आहे, आणि ते पाईच्या आधीच्या त्या नाकारलेल्या पैशांत दडलेले आहे. किकीला द्यायला येत होते, घ्यायला येत नव्हते. ओसोनोने खोली देऊ केली तेव्हाही कामाने फेड केल्याखेरीज तिचे समाधान होत नव्हते. ज्याला केवळ देताच येते, त्याचे सारे बळ घेणार्‍याच्या चेहर्‍यावर अवलंबून असते. तो चेहरा प्रसन्न असेपर्यंत बळ टिकते; चेहरा फिरला की आतला झरा आटतो.

उपकार घेण्यात लाज मानण्याची परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात थोर मनाच्या पुरुषाचे वर्णन केले आहे. हा पुरुष उपकार करण्यात आनंद मानतो, परंतु उपकार घेण्याची त्याला लाज वाटते. कारण देणारा वरचा आणि घेणारा खालचा. सेमिनरीत आम्ही हे प्रकरण आदराने वाचले होते. याउलट फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या दानावरील निबंधात अनेक जुन्या समाजांचा अभ्यास करून दाखवले की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही कर्तव्ये आहेत. यांतले मधले कर्तव्य आपण सहसा विसरतो. देऊ केलेले नाकारणे म्हणजे नाते नाकारणे. प्रभूला आपले पाय धुऊ न देणारा पेत्र नम्रच होता. परंतु त्या नम्रतेत हा नकार होता, म्हणूनच त्याला समज मिळाली.

आजार्‍यांना भेटायला जाताना मला हा नकार वारंवार दिसतो. जन्मभर ज्यांनी वाडीतल्या प्रत्येकाच्या अडीअडचणीला धाव घेतली, तेच लोक अंथरुणाला खिळल्यावर सुनेच्या हातचे पाणी पिताना ओशाळतात. 'फादर, कुणावर ओझं नको,' एवढीच त्यांची विनवणी असते. त्यांच्या स्वाभिमानाबद्दल मला आदर आहे. पण जो मुलगा बापाचे अंग पुसण्यासाठी रजा काढून आला आहे, त्याच्या हातातला टॉवेल हिसकावून घेतला, की त्या मुलालाही आपण काहीतरी नाकारत असतो. देण्याचा आनंद आपण आयुष्यभर घेतला. तो त्याला मात्र मिळू देत नाही.

किकीचे पुढचे शिक्षण याच दिशेने होते. उर्सुला ही रानातल्या झोपडीत राहणारी चित्रकार तिला आपल्या घरी नेते. तिलाही एकदा चित्र काढता येईनासे झाले होते. कसोशीने प्रयत्न करावा, आणि तरी जमले नाही तर हात थांबवावा, फिरावे, झोपावे, अशी तिची शिकवण आहे. त्या रात्री किकी काहीही पोचवत नाही, कुणाच्याही कामी येत नाही. आणि तरीही ती त्या घरात हवीशी पाहुणी असते.

दुसर्‍या दिवशी त्या वृद्ध बाई किकीला पुन्हा बोलावतात. टेबलावर एक डबा असतो. त्यात केक, आणि केकवर झाडणीवर बसलेल्या किकीचे चित्र. बाई म्हणतात की हा केक किकी नावाच्या मुलीला पोचवायचा आहे, आणि तिचा वाढदिवसही विचारून यायचे आहे, म्हणजे पुन्हा केक करता येईल. किकीला रडू कोसळते. त्या रडण्यात ती पहिल्यांदाच घेते. इथे पैशांचा हिशेब नाही, परतफेडीची घाई नाही. ती एवढेच सांगते की त्या मुलीलाही तुमचा वाढदिवस जाणून घ्यायचा असेल. दार बंद करून घेणारी नात आणि डबा उघडून रडणारी किकी या दोघींमध्ये काय अंतर आहे, हे समजले तर चित्रपट समजला असे म्हणता येईल.

याच वेळी दूरचित्रवाणीवर बातमी येते की वादळी वार्‍यात सुटलेल्या हवाई जहाजाच्या दोराला तोम्बो लटकला आहे. किकी धावत सुटते. तिच्याकडे झाडणी नाही. रस्ता झाडणार्‍या एका वृद्धाकडे ती त्याचा लांब दांड्याचा ब्रश मागते, परत आणून देईन असे वचन देते. तो ब्रश हट्टी घोड्यासारखा उधळतो, भिंतींवर आपटतो, परंतु उडतो. आणि तोम्बो वाचतो. एरवी फुकट काही न घेणारी ही मुलगी इथे अनोळखी माणसापुढे हात पसरते, आणि त्या उसन्या ब्रशावरच तिचे उडणे परत येते. तो म्हातारा तर अभिमानाने सांगतो की ब्रश माझा आहे! घेणार्‍याने देणार्‍यालाही किती मोठे केले, पाहा.

मांजर मात्र पुन्हा बोलत नाही. १९९८ सालच्या डिस्नीच्या इंग्रजी आवृत्तीत शेवटी त्याच्या तोंडी वाक्य घातले गेले. मूळ जपानी चित्रपटात ते केवळ मांजरासारखे ओरडते. मला मूळचा शेवट अधिक खरा वाटतो. वाढताना काही गोष्टी कायमच्या जातात, आणि त्यांची भरपाई होत नाही.

शेवटी किकी आईवडिलांना पत्र लिहिते. सारे छान चालले आहे असा बहाणा त्यात नाही. कधी कधी मन खचते, तरी हे गाव आवडते, असे ती कळवते. नोकरीसाठी परगावी गेलेल्या आपल्या मुलांची पत्रे, आता फोन, बहुधा 'सगळं ठीक आहे' एवढ्यावर संपतात. आपली काळजी इतरांना करू देणे हेही एक घेणेच आहे, आणि ते मुलांना शिकवायचे असेल तर आधी घरातल्या मोठ्यांनी शिकले पाहिजे. लेकीने पुढे केलेला पाण्याचा पेला संकोच न करता घेणे, मुलाचा आधार घेऊन पायरी चढणे, आणि 'कशाला त्रास घेतलास' असे न म्हणता 'बरं वाटलं' असे म्हणणे, एवढ्या लहान गोष्टींपासून सुरुवात करता येईल.