सकाळच्या मुजऱ्याचा भाव

रोमचा कवी मार्शल एका छोट्या कवितेत आपलं नुकसान सांगतो. सकाळच्या भेटीत त्यानं आपल्या आश्रयदात्याला, कैकिलिआनुसला, ‘धनी’ न म्हणता नुसतं नावानं हाक मारून नमस्कार केला, आणि त्यापायी शंभर क्वाड्रान्स नाणी गेली. आश्रिताची रोजची बिदागी तेवढीच असे. पूर्वी टोपलीतून शिधा मिळे, पुढे रोख मिळू लागली. उपकार या विषयावर तत्त्वज्ञ सेनेकानं सात भागांचा ग्रंथ लिहिला. मला मात्र मार्शलची ही तक्रार जास्त खरी वाटते.

दिवसाचे पहिले दोन तास याच कामाचे, असंही तो सांगतो. लोकरीचा जड टोगा अंगावर घेऊन आश्रयदात्याचं दार गाठायचं. पाँपेईत मोठ्या घरांबाहेर दगडी बाकं आहेत, ती अशाच लोकांसाठी असावीत असं अभ्यासक मानतात. आत गेल्यावर एक गुलाम मालकाच्या कानात आलेल्याचं नाव सांगे. म्हणजे आपुलकीनं नाव घेणाऱ्याला ते ठाऊकही नसे!

आश्रित आणि आश्रयदात्याच्या या नात्यावर एकेकाळी देवांचा पहारा होता. इ. स. पूर्व 450च्या सुमाराच्या बारा पट्टांच्या कायद्यात आश्रिताला फसवणारा आश्रयदाता देवांच्या हवाली केला जाई. त्याला कोणी मारलं तरी तो खून ठरत नसे. कवी व्हर्जिलनं अशांना थेट पाताळात यातना भोगायला पाठवलं. मग नाणी आली आणि पावित्र्य संपलं, असं हळहळत सांगतात. मला तशी हळहळ वाटत नाही. ठरलेला भाव असला की निदान घेणाऱ्याला जन्मभर ऋणी राहावं लागत नाही.

तत्त्वज्ञ एपिक्टेटसनं हाच हिशेब मांडला. दुसऱ्याला मेजवानीचं बोलावणं आलं, तुला नाही? त्यानं खुशामतीचा दाम मोजला. एक ओबोल नाणं देऊन कुणी भाजी नेली, तर तुझा ओबोल तुझ्याकडेच आहे. मी हे शिकवत असे तेव्हा वर्गात एक प्रश्न हमखास येई: ज्याच्याकडे ओबोलच नाही, त्यानं काय करायचं? पोटभरल्याचं तत्त्वज्ञान म्हणून हे झटकताही येत नाही, कारण एपिक्टेटस स्वतः गुलाम होता, आणि तोही सम्राट नीरोच्या दरबारातल्या माणसाचा. तरी मुलांचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही.

उपकारांवर ग्रंथ लिहिणाऱ्या सेनेकानंही इ. स. 62मध्ये नीरोला विनवलं, तुम्ही दिलेली संपत्ती परत घ्या. नीरोनं गोड बोलून नकार दिला, मिठी मारली. सेनेकानं आभार मानले. यानंतर त्यानं आपल्या दारातली सकाळची गर्दी बंद केली, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो. त्या गर्दीतल्यांनी उद्यापासून कुणाच्या दारात उभं राहायचं, हे मात्र तो लिहीत नाही.