‘ण’ मागितला कुणी?

आपल्याकडे ‘चारचौघं’ नावाची एक संस्था आहे. तिची कुठे नोंदणी नाही, तिला कचेरी नाही, अध्यक्ष नाही, कार्यवाह नाही. सभासद किती, तेही नक्की नाही. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी बेरीज करून पाहिली. चार आणि चौघं मिळून आठ होतात. पण ह्या आठांना आजवर कुणी एकत्र पाहिलेलं नाही. तरी कळायला लागल्यापासून आपण त्यांच्या धाकात. “चारचौघांत असं बोलू नये.” “चारचौघांसारखं वागावं.” “चारचौघं काय म्हणतील?” ऑडिटरला न भिणारे लोक मी बँकेत पुष्कळ पाहिले. चारचौघांना न भिणारा माणूस अजून पाहायचा आहे.

बहुतेकांच्या बाबतीत ही भीती सर्दीसारखी असते. येते, दोन दिवस छळते, जाते. पण काही माणसांच्या ती मुक्कामालाच येते. फोन वाजला की ह्यांच्या छातीत धडधड. पंगतीत समोरचा बघतोय असं वाटलं की घास घशात अडकतो. आणि कुणाच्या देखत सही करायची म्हटली की हात कापायला लागतो. हा शेवटचा प्रकार बँकेत नोकरी केल्याशिवाय कळत नाही. पैसे काढायच्या स्लिपवर घरी सही करून आणणारी माणसं असतात. “सही माझ्यासमोर करा,” असं म्हटलं की कर्जवसुलीची नोटीस हातात पडल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

अशा माणसांसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. बुजरा, भिडस्त, संकोची, लाजाळू, घुमा, एकलकोंडा आणि सर्वांत गोड म्हणजे मुखदुर्बळ. डॉक्टर मंडळींना मात्र एवढे शब्द परवडत नाहीत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या रोगांच्या अधिकृत यादीत ‘सोशल फोबिया’ हे नाव घातलं आणि १९९४च्या आवृत्तीत त्याला ‘सोशल अँक्झायटी डिसऑर्डर’ असं दुसरं नाव दिलं. भीती तीच, माणूस तोच, फक्त खात्याचं नाव बदललं. पण खात्याला नाव मिळालं की व्यवहार सुरू होतो, हा बँकेचा अनुभव इथेही आला. १९९९ साली अमेरिकेत पॅरॉक्सेटिन नावाच्या गोळीला ह्या विकारासाठी मान्यता मिळाली आणि कंपनीने जाहिरात अशी केली की माणसांचीच ॲलर्जी असलेल्या माणसाची तुम्ही कल्पना करा. आता माणसांची ॲलर्जी कुणाला नसते? महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेसमोर बसणाऱ्याला तर ती पुराव्यानिशी असते.

तेव्हा “लाजाळूपणाचाही रोग करून ठेवला मेल्यांनी!” असं कुणी म्हणालं, तर ते अगदीच बिनबुडाचं नाही. आमचे हेड कॅशियर असं रोज म्हणतात. त्यांची कुजबुज बाहेर एटीएमच्या रांगेत ऐकू जाते, त्यामुळे ह्या विषयातले ते अधिकारी. “आमच्या वेळी नव्हती असली थेरं. कानाखाली एक बसली की पोरगं बोलायला लागायचं.”

मी त्यांच्या बाजूचाच झालो असतो, पण मध्ये एक गिऱ्हाईक आलं.

हा तिशीतला तरुण. ह्याचं पासबुक छापताना आडनावातला एक ‘ण’ गळला होता. आता ‘ण’ गळला तर माणूस काय करील? काउंटरवर येऊन भांडेल. ह्याने काय केलं? सहीतूनही ‘ण’ काढून टाकला! तीन वर्षं तो तोकड्या आडनावाने आपल्याच खात्याचा व्यवहार करत होता. मग कुणीतरी त्याला अठरा हजारांचा चेक दिला, तो पूर्ण आडनावाचा. चेक भरायचा तर नावाचा घोळ सांगायला हवा, आणि सांगायचा म्हणजे काउंटरवर बोलायला हवं, मागे रांग असताना. गृहस्थ चेक खिशात घालून रोज शाखेच्या दारापर्यंत यायचा आणि परत जायचा. चेक तीन महिन्यांत शिळा होतो. झाला. नवा मागायचा तर पुन्हा बोलणं आलं. अठरा हजार गेले.

हे सगळं मला त्यानेच सांगितलं. वर्षभर मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊन, गोळ्या घेऊन आणि समुपदेशनाला बसून झाल्यावर एके दिवशी तो खिडकीशी आला. हात थोडा कापत होता. म्हणाला, “साहेब, माझ्या नावातला ‘ण’ गेलाय. तो मला परत हवाय.” माझ्या नोकरीत लाखांच्या मागण्या आल्या, पण इतकी मोठी मागणी दुसरी आठवत नाही.

हेड कॅशियरांना मी ही हकिगत अभिमानाने सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे तो नाही बोलला. गोळी बोलली.”

झालं! तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. ‘ण’ मागितला कुणी?

आधी गोळी काय करते ते पाहू. ह्या गोळ्यांच्या दोन जाती. एक पॅरॉक्सेटिनच्या कुळातली. ती रोज घ्यायची, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायची नाही. म्हणजे आवर्ती ठेव. दुसरी प्रोप्रॅनोलॉलच्या कुळातली. ती मुळात हृदयाच्या रुग्णांसाठी सर जेम्स ब्लॅक ह्यांनी शोधली. अशा शोधांसाठी त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. ही मनाच्या भीतीला सहसा हात लावत नाही. फक्त धडधड आणि थरथर कमी करते. भाषणाआधी, वादनाआधी घ्यायची. दमेकऱ्याने मात्र तिच्या वाटेला जायचं नाही. ह्याच जातीच्या एका गोळीचा तंतुवादकांवरचा प्रयोग १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गोळी घेतल्यावर वादन सुधारलं. नेमबाजीत मात्र ह्या गोळ्यांना बंदी आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि त्याची दोन्ही पदकं काढून घेतली.

“बघा!” हेड कॅशियर म्हणाले. “लबाडीच ती!”

पण तिथे स्पर्धाच मुळी हात कुणाचा स्थिर ह्याची होती. आमच्या शाखेत हात स्थिर ठेवण्याची स्पर्धा नसते. ‘ण’ परत मिळाल्याने दुसऱ्या कुणाचं पदक हुकलं नाही. आणि ‘गोळी बोलली’ म्हणायचं, तर कवळी लावून आजोबांनी चकली खाल्ली, ती चकली खाल्ली कुणी? कवळीने? मग चवीचं कौतुकही कवळीनेच करायला हवं. गोळीच्या पाकिटावर मी पाहिलं आहे. घटक लिहिलेले असतात, त्यात ‘ण’ नसतो. तो ह्याच्याच पोटात तीन वर्षं होता. गोळीने दाराची कडी थोडी सैल केली. बाहेर कोण यायचं, ते आत राहणाऱ्यानेच ठरवलं.

शिवाय नुसत्या गोळीवर भागतही नाही. मोठा भाग उपचाराच्या खुर्चीत होतो. त्या खुर्चीचे एक थोर पुरुष म्हणजे अमेरिकेतले अल्बर्ट एलिस. हे स्वतः लाजरे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं, असं व्रत घेतलं. महिन्याभरात एकशे तीस बायका झाल्या. तीस लगेच उठून गेल्या. शंभरजणी बोलल्या. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि ती आली नाही. हिशेब करणाऱ्याला हा शंभर टक्के बुडीत व्यवहार वाटेल. एलिसना मात्र नफा दिसला. एकशे तीस वेळा फजिती होऊनही आपण मेलो नाही, हा तो नफा. पुढे ते आपल्या रुग्णांना सांगत, केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यावरून कुत्र्यासारखं फिरवून आणा. लोक हसतील, हसू देत. पुण्यात हे कुणी केलं तर “डझनाला काय भाव पडला? फसवलं तुम्हाला!” एवढंच ऐकावं लागेल.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारने ‘टेली मानस’ सुरू केलं. चौदा चारशे सोळा हा नंबर फिरवायचा, मन मोकळं करायचं. योजना उत्तम. एवढंच, की ज्याला फोनचीच भीती, त्याला पहिला धडा नंबर फिरवतानाच होऊन जातो.

आता हेड कॅशियरांचा हुकमी एक्का. “अहो, गांधीजी घ्या! लाजाळूच होते ना? त्या वेळी गोळी असती तर एक बडबड्या वकील मिळाला असता आणि महात्मा गेला असता!”

हा आक्षेप वजनदार आहे. गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे की संकोच ही आपली ढाल ठरली, त्याने शब्द जपून वापरायला शिकवलं. पण त्याच आत्मकथेत मामीबाई आहेत. १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात गांधीजींना पहिला खटला मिळाला, तो मामीबाईंचा. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, प्रश्न सुचेना. खाली बसले. तीस रुपये फी परत केली आणि पटेल वकिलांकडे जायला सांगितलं. पटेलांची फी एक्कावन्न. म्हणजे ह्या संकोचापायी मामीबाईंना एकवीस रुपयांचा जादा भुर्दंड! इतिहास गांधीजींच्या ढालीचं कौतुक करतो. मामीबाईंचे एकवीस रुपये कुणाच्या खात्यावर टाकायचे? शिवाय गांधीजींना पुढे दक्षिण आफ्रिका मिळाली. इतका मोठा अन्याय समोर उभा राहिला की भीती मागे पडली. सगळ्यांच्याच वाटेवर असं एखादं पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशन लागत नाही. बाकीचे लाजाळू महात्मे न होताच मरतात, ‘ण’ नसलेल्या पासबुकासकट.

आणि खरं सांगू? दुसऱ्याच्या संकोचाचं कौतुक कोण करतं, ते एकदा बघा. आमच्याकडे बुडीत कर्जाच्या फायली उघडल्या की जामीनदार सापडतो. “सही कशी केलीत हो?” विचारलं की खाली मान. “नाही म्हणता येईना. भीड पडली.” ह्या माणसाची ओळख कर्जदार कशी करून देतो? “देवमाणूस आहे हो. कधी कुणाला नाही म्हणत नाही!” भीड भिकेची बहीण, असं आपली म्हण सांगते. पण भीक येते भिडस्ताच्या दारी, आणि भिडेचे गोडवे गातो तो ज्याचं काम झालं तो. गप्प सून गुणाची, गप्प कारकून आज्ञाधारक, गप्प गिऱ्हाईक तर साक्षात देव. ह्या सगळ्यांनी गोळी घेतली तर गैरसोय कुणाची, हा विचार केला की लाजाळूपणा हा सद्गुण का, ते बरंचसं उलगडतं.

म्हणून काय कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाला धरून डॉक्टरकडे न्यायचं? छे! स्वेच्छानिवृत्ती आणि सस्पेन्शन ह्या दोन्हींत माणूस घरीच बसलेला दिसतो. बाहेरून फरक कळत नाही. एकाने स्वतः अर्ज केलेला असतो, दुसऱ्याला दारातून परत पाठवलेलं असतं. गप्प बसणं हवं म्हणून बसला असेल, तर त्याच्या शांततेला नख लावू नये. बोलायचं आहे आणि भीती बोलू देत नाही असं असेल, तर त्याने गोळी घ्यावी, खुर्चीत बसावं, वाटल्यास केळं फिरवावं. त्यात कमीपणा नाही आणि लबाडी तर नाहीच.

फरक कोणता, हे सांगणार कोण? हेड कॅशियर नव्हे, औषध कंपनी नव्हे आणि मीही नव्हे. खातं ज्याचं, सही त्याची.

राहता राहिली चारचौघं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचाही हिशेब २००० साली छापला. त्यांनी पोरांना लाज वाटावी असा गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून एकेकाला भरल्या खोलीत पाठवलं. त्याला वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात ओळखलं जेमतेम पाव लोकांनी. म्हणजे चौघांतल्या एकाने. बाकीचे तिघं बहुधा आपल्याकडे कोण बघतंय, ह्याच काळजीत होते.