अकरा मारलीस, दुकान झोपवलंस

उभा राहा. खुर्ची सरकवत बसू नकोस, नुसता उभा राहा. बाकीच्यांनी माउस सोडा आणि ऐका. आज याचा नंबर लागलाय, उद्या तुमच्यातल्या कोणाचाही लागेल.

लग्नपत्रिकेच्या दुकानातल्या काकांनी तुला काय सांगितलं होतं? “कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ घेतो, बघ जरा.” एवढंच ना? विंडोज अकरा मार, असं ते म्हणाले होते? मग कोण म्हणालं? मोबाइलवरचा तो व्हिडिओवाला? त्याला काकांचं दुकान ठाऊक होतं का?

आणि वर मला फोन करून सांगतोस, “सर, चालू झालं!” चालू झालं म्हणे! पंखाही बटण दाबलं की चालू होतो.

मशीन कोणतं होतं? एच ६१ चा बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क. म्हणजे २०१२ च्या आसपासचा माल. विंडोज अकराला टीपीएम २.० लागतो, सिक्युअर बूट लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. हे या फळ्यावर लिहून दिलं होतं की नाही? सेटअप तुला दारातूनच परत पाठवणार होता. पण तू रूफसमध्ये अटी काढून टाकणारी ती खूण केलीस आणि मागच्या दाराने शिरलास. कोअर टू ड्युओ असता तर बरं झालं असतं. २४ एच २ या आवृत्तीपासून पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ नसलेल्या प्रोसेसरवर अकरा बूटच होत नाही. तुझी हुशारी तिथेच अडली असती.

पुढे काय झालं ते तूच सांगितलंस, म्हणून मला कळलं. पेनड्राइव्ह यूईएफआयचा, डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची. पडद्यावर संदेश आला की या डिस्कवर एमबीआर आहे, इथे विंडोज बसणार नाही. अरे, तो संदेश म्हणजे थांबायची खूण होती. एमबीआरची जीपीटी करायला मायक्रोसॉफ्टचंच एमबीआर टू जीपीटी आहे, डेटा न घालवता करतं. त्याच्या अटी आहेत, लॉजिकल पार्टिशन असलं तर ते नकार देतं, पण आधी व्हॅलिडेट करून बघता तरी येतं. तू काय केलंस? शिफ्ट एफ १०, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क झीरो, क्लीन. डिस्क बरोबर निवडलीस, तेवढी अक्कल दाखवलीस. बरोबर डिस्क निवडून ती पुसलीस!

डी ड्राइव्हमध्ये काय आहे, हे विचारलंस? नाही. मी विचारलं. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या पत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, सगळं पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीत. काका नवी पत्रिका कोरी करत नाहीत. गेल्या वर्षीची उघडतात, नावं बदलतात, मुहूर्त बदलतात, छापायला देतात. त्या फाइली म्हणजेच त्यांचं भांडवल.

काही फाइली काकांच्या पेनड्राइव्हवर आहेत म्हणून तू खूश झालास. उघडून बघितल्यास? “चि. सौ. कां.” च्या जागी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसतोय. कारण त्या फाइली युनिकोडमधल्या नाहीत. आत नुसते आकडे असतात, ते देवनागरी दिसतात ते त्या विशिष्ट फाँटमुळे. आणि फाँट होते सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, तेही तू घालवलेस. श्रीलिपीची सीडी शोधावी लागेल, डोंगल लावावा लागेल. त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का, हे पाहिलं होतंस?

“सर, पण विंडोज दहाची मुदत संपली.” संपली, १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट थांबले, कॉम्प्युटर थांबला नाही. नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट होते. आणि तू सुरक्षेसाठी बसवलंस काय? अटीत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टच स्पष्ट सांगते. शिवाय दरवर्षीची नवी आवृत्ती तुलाच हाताने चढवावी लागणार. पत्रिका जुळवायच्या मशीनला इंटरनेट हवंच कशाला? केबल काढायची, मेल मोबाइलवर बघायचा. नुसतं ब्राउझर वापरणारं गिऱ्हाईक असतं तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई टाक म्हणालो असतो, इथे तेही चालत नाही.

काकांना वेग हवा होता. तो एसएसडीने मिळाला असता. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची, नवी लावायची, जुनी कपाटात जपून ठेवायची. एच ६१ चा साटा पोर्ट जुना, तीन गिगाबिटचा आहे, तरीही फिरत्या डिस्कपेक्षा फरक जमीन-अस्मानाचा पडतो. त्याच डिस्कवर, चार जीबीत, अकरा टाकल्यावर चालू व्हायला आता किती वेळ लागतो, सांग बरं या सगळ्यांना. लाजू नकोस, सांग.

रडू नको. अजून सगळं गेलेलं नाही. क्लीनने पार्टिशनचा तक्ता जातो, आतला मजकूर लगेच पुसला जात नाही. क्लीन ऑल मारलं असतंस तर शून्यं भरली गेली असती. नवी विंडोज डिस्कच्या सुरुवातीला बसलीय, डी ड्राइव्ह मागे होता, बराचसा शाबूत असू शकतो. पण मशीन चालू असेपर्यंत विंडोज लिहीत राहते, अपडेट उतरवते. डिस्क काढून इथे आण. आधी तिची पूर्ण इमेज दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, मग त्या इमेजवर टेस्टडिस्क चालवायचं, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. पार्टिशन सापडलं नाही तर फोटोरेक, त्यात फाइलींची नावं जातात. मग एकेक उघडून ओळखत बसायचं, आणि ते तू बसायचंस.

काकांना आज संध्याकाळी तू स्वतः जाऊन सांगायचं, काय पुसलं आणि कशामुळे. माझं नाव पुढे करायचं नाही, व्हिडिओचं तर नाहीच. त्या कामाचा एक रुपयाही घ्यायचा नाही. जा आता, आधी त्या मशीनचा प्लग काढ.