प्रथिनाची घडी आणि सत्कार्यवाद

कार्य उत्पन्न होण्याआधी कारणात असते की नसते, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. सांख्यांच्या मते ते असतेच. तिळात तेल असते म्हणून निघते, वाळूचा घाणा कितीही फिरवला तरी निघत नाही. हा सत्कार्यवाद. न्याय-वैशेषिकांच्या मते घट मातीत नव्हता, तो कुंभाराच्या हातून नव्याने उत्पन्न झाला. हा असत्कार्यवाद. जीवाणूंकडून प्रथिने करवून घेताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो.

माणसाचे जनुक ई. कोलाय जीवाणूत घातले की तो अमिनो आम्लांची साखळी ठरलेल्या क्रमाने विणतो. पण घडी नीट बसली नाही, तर साखळीचे पाणी टाळणारे भाग उघडे पडून एकमेकांना चिकटतात. पेशी फोडून सेंट्रिफ्यूज फिरवले की नळीच्या तळाशी खडूसारखा पांढरट साका बसतो. क्रम बरोबर असूनही प्रथिन निकामी.

मग आकार येतो कुठून? ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचे विकर युरियात, गंधकबंध तोडून, पुरते उलगडले. युरिया काढल्यावर ते हवेत आपोआप पूर्ववत झाले. त्यातल्या सिस्टीन या आठ अमिनो आम्लांच्या गंधकबंधांनी लागणाऱ्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. लागल्या त्या मूळच्याच. १९७२चे नोबेल त्यांना अशा संशोधनासाठी मिळाले. क्रमात आकार अव्यक्त असतो, हे सांख्यांना पटावे असेच आहे.

साका टाळून प्रथिनाची विद्राव्यता वाढवण्याचे उपायही या मताला धरून आहेत. तापमान ३७ अंशांवरून १८च्या आसपास आणले की साखळ्या सावकाश बनतात. माल्टोज-बंधक प्रथिनासारखा सहज विरघळणारा जोड लावतात. चॅपरोन प्रथिने चुकीची चिकटाचिकटी टाळतात. साका ८ मोलर युरियात विरघळवून युरिया हळूहळू उतरवतात. आकाराचा नकाशा यांपैकी कोणीच पुरवत नाही.

हे उपाय नुसते निमित्त ठरतात. योगसूत्रांच्या कैवल्यपादात अशा निमित्ताला शेतकऱ्याची उपमा आहे: ते प्रकृतीला चालवत नाही, आड येणारे तेवढे दूर करते. बालाघाटच्या धानपट्ट्यात हे नेहमीचे दृश्य आहे. वरच्या बांधीतले, म्हणजे धानाच्या वाफ्यातले, पाणी खाली न्यायला शेतकरी फावड्याने धुरा, म्हणजे बांध, फोडतो. पुढे पाणी आपल्या उताराने जाते.

तरी सत्कार्यवादाला दोन अडचणी उरतात. त्याच साखळीतून साकाही होतो. म्हणजे कारणात एकाहून अधिक कार्ये दडलेली असतात आणि व्यक्त कोणते व्हायचे ते निमित्तावर ठरते. दुसरी अडचण एरिथ्रोपोएटिन या प्रथिनाची. त्याला शर्करासाखळ्या लागतात, त्यांच्याविना ते रक्तात टिकत नाही. साधा ई. कोलाय त्या जोडत नाही, म्हणून ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवतात. शर्करा कुठे जोडायची ती जागा क्रमात असते, शर्करा मात्र बाहेरून येते. घडीच्या बाबतीत सांख्य खरे ठरतात. या जोडकामात नैयायिकांच्या कुंभाराला जागा आहे.