पुसलेल्या फाइलीचा अभाव

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत पुसण्याची आज्ञा मिळाली की मुख्य सूचीतली तिची नोंद फक्त मोकळी ठरते. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, डिस्कवर तसाच पडून असतो. म्हणून घुसखोरीचा तपासनीस मूळ डिस्कला हात लावत नाही. राइट ब्लॉकर लावून तिची इमेज घेतो, हॅश नोंदवतो आणि प्रतीवर काम करतो. सूचीतली नोंदही गेली असेल, तर आरंभखुणेवरून फाइल हुडकतो; जेपीईजी छायाचित्र ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइटांनी सुरू होते.

मग नाश कशाला म्हणायचे? सांख्यांच्या मते नाश म्हणजे कार्याचे कारणात लीन होणे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) हा सत्कार्यवाद आधुनिक पदार्थविज्ञानाशी ताडून मांडला. नैयायिक मात्र प्रध्वंसाभाव मानतात: त्याला आरंभ आहे, अंत नाही. डिस्कपुरता कौल नैयायिकांकडे झुकतो. वर नवे लिहिले गेले की चुंबकीय द्रव्य उरते, पण फाइल म्हणजे त्या द्रव्याची विशिष्ट मांडणी, आणि ती गेली ती गेलीच.

तपासाला खरी मदत होते ती भाट्ट मीमांसकांची. अभाव कळण्यासाठी ते अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात तसे म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, पण बनावट स्विचने परस्पर मंजुरी दिल्याने त्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. तिथे नोंद असायलाच हवी होती. तिचे नसणे हाच घुसखोरीचा माग. विंडोजची सुरक्षा-नोंदवही कोणी रिकामी केली, तर त्या रिकामे करण्याचीच ११०२ क्रमांकाची नोंद उरते.

एसएसडीवर ‘ट्रिम’ आज्ञा चालून गेल्यावर मात्र हा उजेड नसतो. पुसलेल्या फाइलींची जागा यंत्रणा आपणहून साफ करते. तिथे काही सापडले नाही, यावरून तिथे कधी काही नव्हते असे म्हणता येत नाही, आणि कोणी मुद्दाम पुसले असेही नाही. अशा रिकामेपणावर कोणालाही दोषी ठरवणे अन्यायाचे आहे.