कापराची किंमत

सायंआरतीच्या तबकात कापूर पेटतो, क्षणभर गाभारा उजळतो आणि मागे राखही उरत नाही. आज हा कापूर बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. परंतु आमच्या चिंताकीभोवतीचा हा मुलूख जेव्हा मान्यखेटच्या राष्ट्रकूटांच्या आणि पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली नांदत होता, तेव्हा उत्तम कापूर सुमात्रा बेटावरील बारूसच्या अरण्यातून समुद्र ओलांडून येई. ऐहोळेच्या 'पाचशे स्वामी' या व्यापारी श्रेणीचा इ. स. १०८८ चा तमिळ शिलालेख त्या बारूसलाच सापडला आहे. शिकारपूरच्या सुमारे १०५५ च्या लेखात त्यांच्या मालाची यादी आहे: हत्ती, घोडे, हिरे, मोती, चंदन, कस्तुरी आणि कापूर.

येथे एक प्रश्न उभा राहतो. या वस्तूंनी कोणाची भूक भागली? मूठभरांच्या हौसेसाठी कित्येकांनी प्राण धोक्यात घातले. असा व्यापार धर्म्य म्हणावा काय?

आमच्या मते दोष वस्तूत नाही. तोच कापूर राजाच्या विड्यात पडे आणि देवापुढेही जळे. द्रव्याची परीक्षा दोन ठिकाणी होते: ते आले कसे आणि गेले कोठे.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेला शके ८४८ (इ. स. ९२६) चा राष्ट्रकूट ताम्रपट या संदर्भात मननीय आहे. संजाण बंदराचा प्रांत तेव्हा मधुमती नावाचा अरब अधिकारी राष्ट्रकूटांच्या वतीने सांभाळत होता. त्याच्या अमदानीत तेथे प्रवाशांसाठी विनामूल्य नावा आणि अन्नछत्र चालू झाले, आणि देवीच्या पूजेसाठी असलेल्या मठिकेला भूमिदानही मिळाले. बंदराची श्रीमंती अशा रीतीने परक्या वाटसरूच्या पानात भात आणि तूप होऊन उतरली.

तथापि एक सावधगिरी हवी. दान म्हणजे कमाईचा हिशेब पुसून टाकणारा बोळा नव्हे. खोट्या मापाने किंवा गरिबाच्या व्याजाने मिळवलेले द्रव्य देवापुढे ठेवल्याने निर्मळ होत नाही. उलट देवालाच त्या व्यवहारात भागीदार करण्याचा तो यत्न ठरतो. मंदिराच्या पेटीत टाकलेली नोट कोणाची, हे आम्ही विचारीत नाही, विचारूही नये. तो प्रश्न ज्याने त्याने, पेटीपाशी हात नेण्यापूर्वी, स्वतःला विचारावयाचा असतो.

कापूर जळतो तेव्हा त्याची किंमतही जळून जाते. मागे राहतो तो सुवास. त्यावर दात्याचे नाव नसते.